जुना फोन डॅशबोर्डवर लावताय?

गाडीचे आकडे दाखवणारा स्क्रीन म्हणून तो वापरायची कल्पना झकास आहे, आणि ड्रॉवरमध्ये पडलेला फोन त्यासाठी पुरे. नवीन फोन घेत बसू नका. आधी फोनची बॅटरी तपासा. फोन सपाट टेबलावर उताणा ठेवून फिरवा. भिंगरीसारखा गरगरला किंवा मागचं झाकण उचललेलं दिसलं, तर बॅटरी फुगली आहे. तो फोन बाद, कितीही जीव जडलेला असो. उन्हात बंद गाडीच्या काचेमागे ६० अंशांच्या वर सहज तापतं, लिथियम बॅटरीला ते मानवत नाही. म्हणून होल्डर असा हवा की उतरताना फोन काढून नेता येईल. कायमचा चिकटवणं ही नवख्यांची ठरलेली चूक.

इंजिनाचे आकडे हवेत तर ईएलएम३२७ (एका चिपचं नाव) प्रकारचा ओबीडी अडॅप्टर लागेल, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये खोचून तिचे आकडे फोनला पाठवणारं छोटं यंत्र. हे सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली सापडतं. त्याच्या १६ नंबरच्या पिनला गाडी बंद असतानाही करंट असतो, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढा. आयफोन असेल तर जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ चालणार नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला (कमी वीज खाणारं नवं ब्लूटूथ) अडॅप्टर घ्या.

स्क्रीनवर सध्या तीनच गोष्टी:
- कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान
- गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज (इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट)
- आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे)

दहा काटे कोंबले की एकही धड वाचता येत नाही. एअरबॅगच्या झाकणावर होल्डर अजिबात नको. रूटिंग (फोनच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा घेणं), कस्टम रॉम (कंपनीच्या सिस्टिमऐवजी दुसरी टाकणं) वगैरे भानगडी नंतर बघू.