हाताने बनवलेल्या पॉइंटवर इंजिन आलं की शॉर्ट का होतं?

तुमचा प्रश्न असा की एचओ स्केलच्या (1:87 मापाच्या मॉडेल रेल्वेच्या) छोट्या लेआउटसाठी तुम्ही कॉपरक्लॅड, म्हणजे तांब्याचा थर दिलेल्या फायबरच्या, स्लीपरवर रूळ सोल्डर केलेत. सरळ रुळावर गाडी छान धावते, पण पॉइंटवर, म्हणजे एका मार्गाचे दोन फाटे होतात तिथे, इंजिन आलं की शॉर्ट होतं. घाबरू नका, रूळ उखडायची वेळ बहुधा येणार नाही. दोष एखाद्या स्लीपरच्या तांब्यात असेल, नाहीतर फ्रॉगच्या, म्हणजे रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या व्हीच्या, आसपास.

स्लीपरवरचा तांब्याचा थर सलग असतो, त्यामुळे तो मध्ये तोडला नाही तर दोन्ही रूळ एकमेकांना जोडलेच जातात. तिकोनी कानस चार वेळा फिरवली की खालचा फायबर दिसतो, तेवढं पुरे. तांब्याचा केसाएवढा धागा राहिला तरी शॉर्ट होतो. म्हणून मी सोल्डरिंग करताना मल्टिमीटर दोन्ही रुळांना क्लिपने अडकवून बझरवर ठेवतो. टाका लावल्या लावल्या बीप वाजली तर दोष त्याच स्लीपरवर असतो, पुढे शोधत बसावं लागत नाही.

पॉइंटमध्ये मात्र एका कापाने भागत नाही. फ्रॉग बाकी सगळ्यांपासून वेगळा हवा. त्याच्या पुढे आणि मागे रुळांनाही काप द्या, फ्रॉगखालच्या स्लीपरवर दोन्ही बाजूंना द्या आणि त्या कापांत प्लास्टिकचा बारीक तुकडा चिकटवा. उन्हाळ्यात रूळ वाढले की मोकळी फट बंद होते. मग प्रत्येक टंग रेल (मार्ग बदलायला सरकणारा टोकदार रूळ) तिच्या शेजारच्या स्टॉक रेलला (बाहेरच्या स्थिर रुळाला) वायरने जोडून टाका. दोन्ही टंग ओढणाऱ्या आडव्या पट्टीचं तांबंही मध्ये कापलेलं हवं. हे विसरलं जातं आणि शॉर्ट इंजिन नसतानाही दिसतो.

फ्रॉगला स्वतंत्र वायर द्या आणि ती पॉइंट मोटरच्या किंवा हाताच्या दांड्याच्या चेंजओव्हर स्विचमधून आणा. नियम सोपा आहे: ज्या स्टॉक रेलला टंग टेकलेली असेल, तिचीच पोलॅरिटी फ्रॉगला मिळाली पाहिजे. स्विचच्या दोन बाहेरच्या टोकांना दोन स्टॉक रेल, मधल्या टोकाला फ्रॉग. उलटं लागलं तर इंजिन फ्रॉगवर पोचताच शॉर्ट होतो, तुमच्यासारखाच. मग बाहेरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. टंग टेकल्यावर तिच्यातूनच फ्रॉगला वीज पोचेल यावर मात्र विसंबू नका. तिथे धूळ बसते, गंज चढतो आणि संपर्क कधीही जातो.

रुळांचे तुकडे जोडणाऱ्या फिशप्लेटवरही भरवसा नको. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून बारीक वायर सोल्डर करून जाड मुख्य वायरीला जोडा. सोल्डर नीट धरावं म्हणून ॲसिड फ्लक्स वापरला असेल तर टाके पाण्याने धुऊन काढा, नाहीतर महिन्याभरात हिरवं चढतं.

सगळं जोडूनही शॉर्ट राहिला तर वीज बंद करा, इंजिन बाजूला ठेवा, मीटर दोन्ही स्टॉक रेलना लावा आणि धातूच्या चाकांचा एक डबा हाताने हळू ढकला. टंगजवळ बीप आली तर चाकाची पाठ उघड्या टंगला घासतेय आणि ती टंग शेजारच्या स्टॉक रेलला नीट जोडलेली नाही असं समजा. अशा वेळी ती जोडणी आणि आडव्या पट्टीचा काप तपासा, टंगची फट वाढवा आणि चाकांमधलं आतलं अंतर मोजा. एचओला ते साधारण 14.4 मिमी असतं.