केस मिटली नाही म्हणजे मी फेल?

मी समुपदेशक. मिडिएशन करणारी, म्हणजे भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना एकत्र बसवून समझोत्याला मदत करणारी मंडळी हल्ली माझ्याकडे बरीच येतात, कोर्टाच्या पॅनेलवरचे वकील, युनियनशी बोलणी करणारे एचआरवाले, आणि दुखणं सगळ्यांचं एकच, "समझोता फिसकटला की माझंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं, हे काम आपल्याला जमणारं नाही बहुतेक." म्हणून एक केस लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदलून.

बाई वकील, चाळिशीच्या. 40 तासांचं ट्रेनिंग करून जिल्हा कोर्टाच्या पॅनेलवर आलेल्या. दोन भावांचा वाटणीचा दावा होता, विहिरीच्या पाळ्यांसकट सगळं ठरलं, कागद टाइप झाला, धाकट्याने सही केली आणि थोरल्याने हातात घेतलेला पेन परत टेबलावर ठेवला, "मला नाही करायचं" म्हणाला आणि निघून गेला. तेव्हापासून बाई रोज रात्री तीच बैठक डोक्यात पुन्हा चालवायच्या. घरी बोलायची सोय नाही, कारण आतलं बाहेर सांगायचं नसतं, आणि हा या पेशातला एकटेपणा बाहेरच्यांना कळत नाही. त्यात मानधनही समझोता झाला तर जास्त, नाही झाला तर कमी.

सुरुवातीच्या भेटींत चूक त्यांचीच कशी हेच त्या मला पटवत होत्या. मी वाद घातला नाही. मग एकदा विचारलं,

"मिटलं नाही तर कोर्टाला काय लिहून पाठवता?"

"मिडिएशन यशस्वी झालं नाही. एवढंच."

"कोणामुळे, ते?"

"नाही लिहायचं मॅडम. 2010 मध्ये मोतीराम विरुद्ध अशोक कुमारमध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, आत काय झालं ते रिपोर्टमध्ये येता कामा नये."

"म्हणजे दोष कोणाचा ते कोर्टही विचारत नाही. आणि तुम्ही घरी जाऊन रोज दुसरा रिपोर्ट लिहिता, त्यात स्वतःचं नाव घालता."

बाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "आणि थोरल्याला तर मी त्यात धरतच नाही."

मला हे ऐकून खरंच आनंद झाला, कारण सगळी गाठ तिथेच होती. सही करायची की नाही हा त्या माणसाचा हक्क, त्याच्यावरच तर मिडिएशन उभं आहे. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर वाढलेली, त्यामुळे त्रासामागचा हट्ट शोधते. समझोता व्हावा ही इच्छा हवीच, पण माझ्यासमोर बसलेल्यांनी मिटवलंच पाहिजे हा हट्ट आला की मिडिएटर नकळत ढकलायला लागतो आणि समोरच्याला ते लगेच जाणवतं. बाईंनाच पुढे आठवलं, शेवटी त्या थोरल्याला म्हणाल्या होत्या, "आता इथवर आलंय तर करून टाका ना."

तो दावा कोर्टात चालू आहे, बाई पॅनेलवर आहेत आणि झोप लागते.

या क्षेत्रात येणाऱ्यांना मी सांगते, बैठक संपल्यावर आपल्या हातात होतं तेवढंच तपासा. दोघांना पुरतं बोलू दिलं का, एकाने खासगीत सांगितलेलं त्याला न विचारता दुसऱ्याकडे गेलं नाही ना, थकलेल्या माणसाला सहीसाठी रेटलं नाही ना. एखादा सीनियर मिडिएटर धरून ठेवा, पक्षकारांबद्दल काही न सांगताही स्वतःला काय होतंय ते त्याच्याशी बोलता येतं. आणि सुरुवातीला वकिली किंवा नोकरी सोडू नका, पॅनेलच्या मानधनावर घर चालत नाही, आणि घरखर्चच समझोत्यावर टेकला असेल तर हा हट्ट सुटणं फार अवघड जातं.