क्रिएटिनिन वाढले, आता ताटात काय वाढायचे?

प्रश्न : माझे सासरे 61 वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाबाचा त्रास आहे. तीन महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ घटक) 2.5 आणि ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळते याचा अंदाज) 28 आला, पोटॅशियम 4.6 आणि फॉस्फरस 3.9 आहे. डॉक्टरांनी ‘पथ्य सांभाळा, मीठ कमी करा’ एवढेच सांगितले. नात्यातल्या एकांचे डायलिसिस चालू आहे, त्यांच्याकडचा छापील तक्ता आम्ही आणला आणि त्यात मोबाइलवर वाचलेल्या गोष्टींची भर पडली. आता मामांची, म्हणजे सासऱ्यांची, डाळ, दूध, टोमॅटो, पालेभाजी, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी बंद आहे. भाज्या दोनदा उकळून पाणी ओतून देतो, त्यामुळे त्या त्यांच्या घशाखाली उतरत नाहीत. वजन 62 किलोंवरून 56 वर आले आहे. नेमका आहार कोणाला विचारावा? सोलापुरात राहून ज्वारी खरोखरच सोडायची का? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातील सगळ्या आकड्यांत मला सर्वांत काळजीचा वाटला तो वजनाचा. मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकारात प्रयत्न न करता वजन उतरणे, स्नायू झडणे आणि भूक जाणे ही धोक्याची खूण मानली जाते. आपल्याकडे मात्र ‘पथ्य कडक पाळले म्हणून बारीक झाले’ असे म्हणून ती नजरेआड होते. त्यात मधुमेहाची भर आहे. मूत्रपिंडाचे काम मंदावले की इन्सुलिन आणि साखरेच्या काही गोळ्या शरीरात जास्त वेळ टिकून राहतात, आणि त्याच वेळी जेवण निम्म्यावर आले तर साखर एकाएकी खाली जाऊ शकते. म्हणून आहारतज्ज्ञांकडे जाण्याची वाट न पाहता, जेवण किती घटले आहे हे आधी औषधे देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालावे. दरदरून घाम, थरथर, बरळणे यांपैकी काही दिसले तर लगेच साखर तपासावी.

आता त्या तक्त्याविषयी. तो ज्यांच्यासाठी लिहिला गेला त्यांचा आहार आणि मामांचा आहार यांची दिशाच वेगळी आहे. ईजीएफआर 15 ते 29 म्हणजे आजाराचा चौथा टप्पा. मधुमेह असलेल्या आणि डायलिसिसवर नसलेल्या रुग्णाला साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला 0.6 ते 0.8 ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, तर डायलिसिस सुरू झाल्यावर हेच प्रमाण 1.0 ते 1.2 ग्रॅमपर्यंत वाढवावे लागते, कारण प्रत्येक डायलिसिसमध्ये काही प्रथिने शरीराबाहेर जातात. पाण्यावरचे बंधनही प्रामुख्याने लघवी कमी झालेल्या किंवा अंगावर सूज असलेल्या रुग्णांसाठी असते. सूज नसताना सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना, स्वतःच्या मनाने पाणी तोडणे मूत्रपिंडाला आणखी त्रासदायक ठरते. अशा तक्त्यांच्या झेरॉक्स कित्येक वर्षे हातोहात फिरत असतात आणि मूळ रुग्ण कोण होता, हे कोणालाच आठवत नाही.

मामांचे वजन 56 किलो धरले तर वरच्या हिशेबाने दिवसाला सुमारे 34 ते 45 ग्रॅम प्रथिने होतात. (उतरलेले वजन धरायचे की आधीचे, हे आहारतज्ज्ञ ठरवतील.) ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 10 ग्रॅम प्रथिने असतात, 30 ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे 7 आणि 150 मिलिलिटर दुधात सुमारे 5. म्हणजे दोन मध्यम भाकऱ्या, दोन्ही वेळचे बेताचे वरण, थोडा भात आणि वाटीभर दूध एवढ्यात हे प्रमाण गाठले जाते. डाळ आणि दूध दोन्ही बंद केल्यावर ते कुठून गाठले जाणार? प्रथिने मर्यादित ठेवायची असतात, ती हद्दपार करायची नसतात. आणि जेवण पोटभर नसेल तर शरीर ऊर्जेसाठी स्वतःचेच स्नायू जाळू लागते.

ज्वारीवर बंदी घालणारे सहसा फॉस्फरसचे कारण देतात. धान्ये आणि डाळींमधील फॉस्फरस बराचसा फायटेट या वनस्पतींतील संयुगाच्या रूपात बांधलेला असतो आणि आपल्या आतड्यांत तो पूर्ण शोषला जात नाही. उलट कोलासारखी पेये, प्रक्रिया केलेले चीज आणि काही डबाबंद पदार्थ यांत मिसळलेली फॉस्फेटे जवळजवळ सगळी रक्तात उतरतात. मामांचा फॉस्फरस 3.9 आहे, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत आहे. तेव्हा कडक भाकरी असो की मऊ, ती ताटातून काढण्याचे कारण मला आपल्या पत्रात सापडत नाही. पोटॅशियम 4.6 असताना भाज्या दोनदा उकळण्याचीही गरज दिसत नाही. ती युक्ती पोटॅशियम वाढलेल्यांसाठी आहे, आणि तिच्यात चवीबरोबर जीवनसत्त्वेही वाहून जातात. मात्र हे तीन महिन्यांपूर्वीचे आकडे आहेत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, बद्धकोष्ठाने किंवा अनियंत्रित साखरेनेही पोटॅशियम चढते, म्हणून तपासणी नव्याने करूनच पुढचे ठरवावे.

शेंगाचटणीही आपण बंद केली आहे, आणि सोलापूरकरांना तिच्याविना जेवण गोड लागत नाही हे मी जाणते. दोन चमचे चटणीत साधारण 15 ते 20 ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे 4 ते 5 ग्रॅम प्रथिने येतात. ती हिशेबात धरली की भागते. खरी अडचण तिच्यातल्या मिठाची आहे. दिवसभराचे सगळे मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एका सपाट चहाच्या चमच्याइतके असावे, आणि त्यातच लोणचे, पापड, खारी, फरसाण आणि पाव यांचे मीठ आले. मामांपुरती चटणी निराळी, मिठाविना कुटून लसूण-मिरची वाढवावी आणि ताटात चमचाभरच ठेवावी. घरच्या काळ्या तिखटात साठवणीसाठी मीठ घातले असेल तर तेही मोजावे. सैंधव मीठ वेगळे समजून सढळ हाताने वापरू नये. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे.

आता ‘कोणाला विचारावे’ या मूळ प्रश्नाकडे येते. आधी मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टना दाखवावे आणि त्यांच्याकडून आहारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी मागून घ्यावी. आपण होऊन मागितल्याशिवाय ती क्वचितच मिळते. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या शासकीय रुग्णालयात किंवा डायलिसिसची सोय असलेल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात ‘मूत्रपिंडाच्या रुग्णांना आहार सांगणारे कोण आणि कोणत्या वारी बसतात’ असे बाह्यरुग्ण विभागात स्पष्ट विचारावे. ‘डाएटिशियन’ ही पाटी कोणीही लावतो. आहारशास्त्रातील पदवी आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘आरडी’ (रजिस्टर्ड डाएटिशियन) नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. वजन घटवण्याचे वर्ग चालवणारे सगळेच हे काम जाणतात असे नाही. जवळपास कोणी न मिळाल्यास व्हिडिओ कॉलवर सल्ला घेण्यास हरकत नाही, मात्र जे रिपोर्ट न पाहता आहार लिहून देतात त्यांचा सल्ला घेऊ नये.

भेटीला जाताना ताजे रिपोर्ट आणि सर्व औषधांच्या पट्ट्या न्याव्यात, काढा किंवा भस्म चालू असेल तर तेही लपवू नये. तीन दिवसांचे खाणे, त्यात एक सुट्टीचा दिवस धरून, लिहून काढावे. ‘एक वाटी वरण’ असे लिहून भागत नाही, कारण घरोघरी वाटी वेगळी असते. आपली वाटी पाण्याने भरून ते पाणी मापात ओतावे आणि किती मिलिलिटर झाले ते लिहावे. तसेच भाकरीसाठी परातीत घेतलेले पीठ एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्यावे. पदार्थांतील घटक पडताळायचे असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2017 ची भारतीय अन्नघटक कोष्टके वापरावीत. परदेशी तक्त्यांत आपल्या ताटातले अर्धेअधिक पदार्थ नसतात. उठण्यापूर्वी प्रथिने किती ग्रॅम, मीठ किती, पाणी किती आणि पुन्हा कधी यायचे, हे आकड्यांत लिहून घ्यावे.

प्रश्न : माझे क्रिएटिनिन 1.8 आहे आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. घरी ‘लो सोडियम’ मीठ आणले आहे. ते चालेल का? — एक वाचक, बार्शी

उत्तर : ते आज बंद करावे. अशा मिठात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, आणि टेल्मिसार्टन गटातील औषधेही पोटॅशियम वाढवतात. साधेच मीठ कमी वापरावे, गोळी मात्र स्वतःहून सोडू नये. आतापर्यंत ते मीठ वापरले असल्यास पोटॅशियमची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : आईचे पोटॅशियम 5.7 आले आहे आणि ती एकादशी सोडायला तयार नाही. काय करावे? — एक वाचक, पंढरपूर

उत्तर : पंढरपुरात राहून एकादशी सोडा असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण 5.7 हा आकडा डॉक्टरांना त्याच दिवशी कळवण्याचा आहे, उपवासाचा विचार त्यानंतर. एरवी साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि त्यात पोटॅशियम फारसे नसते. खिचडीतील बटाटा आणि मूठभर दाण्याचे कूट, जोडीला केळी, खजूर आणि शहाळ्याचे पाणी, यांनी एका दिवसात पोटॅशियमची रास होते. बटाटा आणि कूट वगळून तुपाजिऱ्याच्या फोडणीची खिचडी किंवा वरीचा भात करावा, फळ म्हणून सफरचंदाच्या दोन-चार फोडी द्याव्यात. मधुमेह असेल तर साबुदाण्याचे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे, आणि द्वादशीला पारणे फेडताना राहिलेल्या साऱ्याची भरपाई एका ताटात होणार नाही याकडे घरातल्या कोणी तरी लक्ष ठेवावे.