लायसन्सची मुदत शिल्लक आहे म्हणून लगेच गाडी काढू नका

अपघातात डोक्याला मार लागला, उजव्या पायात अजून ताकद नाही, म्हणून ऑटोमॅटिक गाडीला डाव्या पायाचा अ‍ॅक्सिलरेटर बसवून घेतलाय, लायसन्सची मुदत बाकी आहे, मग आरटीओत जायलाच हवं का आणि हॉस्पिटलमध्ये एकदा आलेली फिट सांगावी का, असं तुम्ही विचारलंय. जायला हवं. आणि फिट लपवू नका.

मुदत बाकी असली तरी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६ खाली आजार किंवा अपंगत्वामुळे माणूस गाडी चालवायला योग्य नाही असं वाटलं तर आरटीओ लायसन्स रद्द करू शकतं किंवा मेडिकल सर्टिफिकेट मागू शकतं. आपल्याला धोकादायक आजार आहे हे माहीत असून गाडी चालवली तर कलम १८६ लागतं. दंड पहिल्यांदा १००० रुपयांपर्यंत, पण मला खरी काळजी आहे ती कुणाला धडक बसली तर काय होईल याची, कारण मग विमा कंपनी लायसन्स, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), डिस्चार्ज पेपर सगळं उकरून काढते, आणि भरपाई आधी देऊन नंतर तुमच्याकडून वसूल करायची वेळही येऊ शकते.

पेडलने पायाची अडचण सुटते, डोक्याची नाही. मेंदूला मार लागल्यावर कधी लक्ष टिकत नाही, कधी एका बाजूचं दिसत नाही, कधी ब्रेक लावायला उशीर होतो, आणि हे बऱ्याचदा त्या माणसाला स्वतःला कळतच नाही. म्हणून डॉक्टरांचं तोंडी "ठीक आहे" धरून चालू नका, न्यूरोलॉजिस्टकडून फिटबद्दल आणि गाडी चालवण्याबद्दल लेखी घ्या, डोळ्यांची फील्ड टेस्ट (बाजूचं किती दिसतं ते पाहणारी तपासणी) करा, जमलं तर ऑक्युपेशनल थेरपिस्टसोबत (आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणारे तज्ज्ञ) ड्रायव्हिंगची तपासणीही. लायसन्ससाठी स्वतःच्या तब्येतीबद्दल भरून द्यायच्या फॉर्म १ मध्ये फिट, चक्कर, शुद्ध हरपणं याबद्दल सरळ प्रश्न असतो, तिथे खोटं लिहिलेलं पुढे कोर्टात तुमच्याच विरुद्ध उभं राहतं.

हे कागद हातात आले की कलम ५२ प्रमाणे गाडीतल्या बदलाला आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नोंद, मग लायसन्सवर अ‍ॅडॅप्टेड व्हेइकलचा (अपंगत्वानुसार बदल केलेल्या गाडीचा) वर्ग, मग विमा कंपनीला लेखी. गॅरेजवाल्याने बसवून दिलं म्हणजे मंजुरी झाली असं नाही. सध्या घरातलं दुसरं कुणी ती गाडी चालवत असेल तर आधी ते डावं पेडल काढून ठेवा, सवयीने त्यावर पाय पडला तर गाडी सुसाट सुटेल.

आरटीओने नकार दिला किंवा लायसन्स रद्द केलं तर ऑर्डर लेखी मागा, ती मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम १७ खाली अपील करता येतं.