ठाणे-नवी मुंबईत होलिस्टिक स्किन केअर आणि स्पा थेरपी शिकायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की कळव्याला राहता, वय सत्तावीस, बीकॉम करून बँकेच्या बॅक ऑफिसला आहात, वाशीतल्या एका अकॅडमीचा तीन महिन्यांचा ‘होलिस्टिक स्किन अँड स्पा’ कोर्स डोक्यात आहे आणि स्पात नोकरी म्हटल्यावर घरचे नको म्हणतात. ठाण्याच्या पाचपाखाडीत माझा दोन बेडचा छोटा स्किन केअर स्टुडिओ आहे, मुली मीच नेमते, त्यामुळे नेमणारीच्या बाजूने सांगते.

आधी तासांचा हिशेब करा. आठवड्याला पाच दिवस, रोज तीन तास धरले तरी तीन महिन्यांत दोनशे तास भरत नाहीत. सिडेस्को या १९४६ पासूनच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ब्युटी थेरपी डिप्लोमाला १२०० तासांचं प्रशिक्षण लागतं, वर ६०० तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव. आणि इथे दोनशे तासांत त्वचेची रचना, फेशियल, वॅक्सिंग, बॉडी मसाज, अरोमाथेरपी, आयुर्वेद, झालंच तर रेकीसुद्धा! हाताला काय लागणार?

सिडेस्कोची फी झेपत नसेल तर आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड बघा. याची जाहिरात कोणी करत नाही म्हणून लोकांना ठाऊक नसतं. दहावी पासवर प्रवेश, एक वर्ष, सरकारी संस्थेत फी खासगीच्या मानाने नगण्य. प्रवेश व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून ऑनलाइन होतो; जवळच्या कुठल्या संस्थेत हा ट्रेड आहे ते तिथल्या यादीत दिसेल. मात्र दिवसभराचं कॉलेज आहे, नोकरी सांभाळून जमणार नाही. खासगीतच जायचं तर निदान ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलची, म्हणजे या क्षेत्रातलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची, परीक्षा देता येईल असा कोर्स घ्या.

आता मुलाखतीचं. सर्टिफिकेट मी शेवटी बघते. आधी माझा हात पुढे करते, म्हणते, कर मसाज. बरोबर शिकलेली मुलगी हात धुते, तळवे चोळून गरम करते, कुठे दुखतंय का विचारते आणि मगच तेल घेते. प्रेशर अंगाच्या वजनाने देते, अंगठ्याने रेटत नाही. अंगठ्याने रेटणाऱ्यांची मनगटं लवकर जातात. म्हणून अकॅडमीत विचारा, बेडची उंची स्वतःच्या मापाने लावायला शिकवतात का, आणि कोर्सभरात खऱ्या माणसांवर किती वेळा हात चालवायला मिळतो. एकमेकींवरच सराव असेल तर सगळ्या पंचविशीतल्या चेहऱ्यांवर शिकाल आणि कामाला लागल्यावर समोर पन्नाशीच्या बाई येतील.

दुसरं, ‘नाही’ कधी म्हणायचं हे शिकवतात का? माझ्याकडे बायका येतात, म्हणतात, ‘तोंडाला काहीच लावत नाही हो.’ नीट विचारलं की पर्समधून मेडिकलमधून आणलेली गोरं करणारी ट्यूब निघते. मागची बारीक अक्षरं वाचायची: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल. ही स्टेरॉइडं. महिनोन् महिने लावून त्वचा पातळ झालेली असते, गालावर बारीक लाल शिरा दिसतात. त्यावर स्क्रब नाही, स्टीम नाही, पील (केमिकलने त्वचेचा वरचा थर काढणं) तर नाहीच; सरळ डर्मेटॉलॉजिस्टकडे. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्सिंग करायचं नाही, वरचा थर सोलून निघतो. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जोरकस पीलने डाग जायच्या ऐवजी काळे डाग उठतात आणि ते महिनोन् महिने हटत नाहीत, हेही कोर्समध्ये हवं.

‘नॅचरल आहे, काही होत नाही’ असं शिकवणारी बाई भेटली तर तिथूनच परत फिरा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजून काळी पडते; लिंबू काय कारखान्यात होतं? इसेन्शियल ऑइल थेट लावायचं नसतं. चेहऱ्यासाठी एक टक्का, म्हणजे ३० मिली बेस ऑइलला (ज्यात मिसळायचं त्या साध्या तेलाला) साधारण सहा थेंब.

आयुर्वेदाची ओढ असेल तर अभ्यंग (तेलाचा मसाज), उद्वर्तन (चूर्ण चोळणं), शिरोधारा (कपाळावर तेलाची धार) जरूर शिका, पण एखाद्या वैद्यांच्या हाताखाली. वमन (औषधाने उलटी), बस्ती (औषधी एनिमा) हा आपला प्रांत नाही. मला विचाराल तर हे सगळं दुसऱ्या वर्षाचं काम. आधी साधं क्लीनअप नीट यायला हवं.

घरच्यांची भीती अगदीच खोटी नाही. स्पाच्या नावाखाली भलतेच धंदे चालवणाऱ्यांवर धाडी पडतात, तेही पेपरात वाचतातच. त्यांच्याशी वाद घालू नका, नोकरीची जागा दाखवायला आईला बरोबर न्या. नेमणूकपत्र मागा, त्यात फक्त महिला क्लायंट ही अट लिहून घ्या, तिथे आधीपासून असलेल्या मुलींशी मालकांच्या माघारी बोला. ‘अनुभव नको, टीप भरपूर’ अशा जाहिरातीला फोनसुद्धा करू नका. पहिली नोकरी मॉलमधल्या चकचकीत स्पातच हवी असं नाही, नौपाड्यातल्या जुन्या पार्लरमध्ये हात जास्त लवकर बसतो.

वाशीच्या अकॅडमीत फी भरण्याआधी एक दिवस प्रॅक्टिकलला नुसतं बसू द्या म्हणा. बसू दिलं नाही तर पैसे भरू नका. दिलं आणि आवडलं, तरी फी हप्त्यानेच भरा, आणि पुढचं नक्की होईपर्यंत बँकेचा राजीनामा देऊ नका.