वाचकांचे प्रश्न : नवा संगणक, जुन्या फाइली

विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून संगणक बदलणाऱ्या वाचकांची पत्रे वाढली आहेत. त्यांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्रातील अडचण मराठीत काम करणाऱ्या अनेक कार्यालयांची असल्यामुळे त्याचे उत्तर अधिक विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीने विंडोज ११ असलेला नवा संगणक घेतला आणि दुकानदाराने जुन्या संगणकावरील सर्व फाइली पेनड्राइव्हने हलवून दिल्या. इंग्रजी पत्रे आणि मेंटेनन्सचे हिशेब व्यवस्थित उघडतात. परंतु २००३ पासूनची वार्षिक सभांची इतिवृत्ते उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, अर्धविराम आणि कंस यांची खिचडी दिसते. दुकानदाराच्या मते फाइली करप्ट झाल्या आहेत. मानीव अभिहस्तांतरणाच्या (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करून घेण्याच्या) कामासाठी आम्हाला जुने ठराव हवे आहेत. काय करावे?
— सचिव, गृहनिर्माण सोसायटी, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या वर्णनावरून फाइली शाबूत आहेत असे दिसते. फाइल खरोखर बिघडली असती तर ती बहुधा उघडलीच नसती, किंवा वर्डने तशी सूचना दिली असती. नव्या संगणकावर नाही तो फक्त फॉन्ट.

युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीचा, वापर रुळण्यापूर्वी मराठी मजकूर बहुतेक ठिकाणी श्री-लिपी, आकृती, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएममधील सुरेख, योगेश अशा फॉन्टमध्ये टंकला जाई. या फॉन्टमध्ये देवनागरी केवळ दिसण्यापुरती असते. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकला तर फाइलमध्ये ‘म’साठी ई, ‘र’साठी जे, कान्यासाठी के, ‘ठ’साठी कॅपिटल बी आणि दुसऱ्या वेलांटीसाठी एच अशी पाच रोमन अक्षरे साठवली जातात, आणि त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवण्याचे काम फॉन्ट करतो. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर वर्ड त्याऐवजी दुसरा फॉन्ट वापरतो आणि मूळची रोमन अक्षरे उघडी पडतात.

इथे बहुतेक जण एक घाईचा उपाय करतात, तो आपण करू नये. सगळा मजकूर निवडून त्याला मंगल किंवा दुसरा युनिकोड फॉन्ट लावल्याने मराठी दिसत नाहीच, शिवाय फाइल तशीच सेव्ह झाली तर मजकुराचा कोणता भाग मराठी होता आणि कोणता खरोखर इंग्रजी होता, याची फाइलमधील एकमेव खूण, म्हणजे जुन्या फॉन्टचे नाव, पुसली जाते. म्हणून आधी सर्व फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि तिला हात लावू नये.

त्यानंतर बिघडलेल्या दिसणाऱ्या एखाद्या ओळीवर कर्सर ठेवून होम टॅबमधील फॉन्टच्या चौकटीत पाहावे. फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचे मूळ नाव तिथे सहसा दिसते. एकाच फाइलमध्ये दोनतीन फॉन्ट असतील, तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड विभागातील ‘फॉन्ट सब्स्टिट्यूशन’ हे बटण कोणत्या फॉन्टऐवजी कोणता वापरला जात आहे याची यादीच दाखवते. त्या नावाची फाइल जुन्या संगणकाच्या विंडोज फोल्डरमधील फॉन्ट्समधून आणून, तिच्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडावे आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडावे. मजकूर पूर्ववत दिसू लागेल. हे फॉन्ट बहुधा विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा भाग असतात, तेव्हा सोसायटीकडे त्याचा परवाना किंवा मूळ सीडी आहे का, तेही पाहून घ्यावे. जुना संगणक अद्याप भंगारात दिला नसेल, तर हे सर्व पार पडेपर्यंत देऊ नये.

मजकूर दिसू लागल्यावर प्रत्येक इतिवृत्ताची पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा सोबत जात असल्यामुळे ती कोणत्याही संगणकावर आणि मोबाइलवर नीट दिसते. तिच्यात मराठी शब्द टाकून शोध मात्र घेता येणार नाही, कारण आत रोमन अक्षरेच असतात. माझ्या मते वीस वर्षांचे सगळे दफ्तर युनिकोडमध्ये आणण्याचा खटाटोप करू नये. ज्या ठरावांचा मजकूर पुन्हा उद्धृत करायचा आहे, तसेच नोटिसांचे जे नमुने दरवर्षी लागतात, तेवढेच रूपांतरित करावेत आणि बाकीच्यांची पीडीएफ पुरेशी मानावी.

रूपांतरासाठी कन्व्हर्टर मिळतात. परंतु प्रत्येक फॉन्टची अक्षररचना निराळी असल्यामुळे कृतिदेवसाठीचा कन्व्हर्टर श्री-लिपीला चालत नाही. मजकुरातील इंग्रजी शब्द आधी बाजूला काढावे लागतात, नाहीतर ‘टेरेस’ किंवा ‘लिफ्ट’ हे शब्द कोणी रोमन लिपीत टंकले असल्यास त्यांचेही निरर्थक मराठी होऊन बसते. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार नीट तपासावेत. ‘कार्य’ या शब्दातील रफार कृतिदेवमध्ये ‘य’च्या नंतर टंकला जातो, तर युनिकोडमध्ये ‘र्’ हा ‘य’च्या आधी साठवला जातो; ही अदलाबदल जोडाक्षरांच्या ठिकाणी हमखास चुकते. ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ यांसारख्या शब्दांतील अर्धा ‘र’ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या कन्व्हर्टरमधून अनेकदा रफार होऊन बाहेर पडतो. सभासदांची नावे, सदनिकांचे क्रमांक, रकमा आणि तारखा इतिवृत्त नोंदवहीतील सहीच्या प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय असा मजकूर कोठेही सादर करू नये. थकबाकीदारांची नावे असलेला मजकूर अनोळखी संकेतस्थळावर चिकटवणेही टाळावे. संगणकावरच चालणारा कन्व्हर्टर निवडावा.

यापुढचे सर्व टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. टंकलेखकाला इन्स्क्रिप्ट हा देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड जमत नसेल, तर विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक, म्हणजे उच्चारानुसार रोमन अक्षरांनी टंकण्याचा, कीबोर्डही उपलब्ध आहे.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर ‘डॉक्युमेंट्स’मध्ये माझ्या सर्व फाइली दिसतात आणि घरी उघडतातही. परंतु ठाण्याला जाताना ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये उघडायला गेले तर त्यांतील निम्म्या उघडत नाहीत. एका सहकाऱ्याने वनड्राइव्ह बंद करायला सांगितले. तसे केल्यावर फोल्डर जवळजवळ रिकामे झाले. फाइली गेल्या का?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : सहसा जात नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने विंडोज ११ सुरू केल्यावर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरे अनेकदा वनड्राइव्हच्या, म्हणजे फाइली इंटरनेटवर साठवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेच्या, ताब्यात जातात, आणि आपण ‘पुढे, पुढे’ करत असताना ते लक्षातही येत नाही. त्यानंतर ज्या फाइलींपुढे ढगाचे चिन्ह असते, त्यांचे फक्त नाव लॅपटॉपवर असते आणि मजकूर इंटरनेटवर असतो. लोकलमध्ये नेट तुटले की त्या उघडत नाहीत, याचे कारण हेच.

वनड्राइव्हचा हा बॅकअप बंद केल्यावर साधे डॉक्युमेंट्स फोल्डर परत येते, पण फाइली बहुधा वनड्राइव्हच्या फोल्डरमधील डॉक्युमेंट्समध्येच राहतात. सी ड्राइव्हवरील यूजर्समध्ये आपल्या नावाच्या फोल्डरात वनड्राइव्ह उघडून पाहावे, आणि तिथे न सापडल्यास ब्राउझरमधून वनड्राइव्हच्या खात्यात शोधावे. फाइली मिळाल्यावर त्यांच्यावर राइट क्लिक करून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावे, हिरव्या वर्तुळातील बरोबरची खूण येईपर्यंत थांबावे आणि मगच त्यांची प्रत साध्या फोल्डरमध्ये करावी. वनड्राइव्हच्या फोल्डरमधील नको असलेली फाइल थेट डिलीट केली तर ती ऑनलाइनही जाते, हे विसरू नये. वनड्राइव्ह वाईट आहे असे मुळीच नाही. मात्र मोफत खात्यात ५ जीबी जागाच मिळते. फोटो आणि स्कॅन केलेली कागदपत्रे ठेवणाऱ्याला ती लवकरच अपुरी पडते.

प्रश्न : माझ्या प्रश्नपत्रिका मंगल फॉन्टमध्ये आहेत. नव्या संगणकावर मराठी नीट दिसते, पण दोन पानांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर जाते आणि तक्ते सरकतात. वर्डमध्ये फॉन्टचे नाव मंगलच दिसते.
— शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : नाव दिसते म्हणून फॉन्ट संगणकावर आहे असे समजू नये. विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट सर्वच संगणकांवर आपोआप येत नाही. तो नसेल तर देवनागरीसाठी निर्मला यूआय वापरला जातो. दोन्ही युनिकोड असल्यामुळे मजकूर वाचता येतो, परंतु अक्षरांची रुंदी आणि ओळींची उंची वेगळी असल्याने पाने वाढतात. सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ जोडावेत. त्यात मंगलसोबत कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्टही येतात. इंटरनेट जोडणी तेवढी चालू हवी. शाळेच्या संगणकावर छापायचे असल्यास प्रश्नपत्रिकेची पीडीएफ घरूनच करून न्यावी, कारण तिथे मंगल असेलच याची खात्री देता येत नाही.