अभ्यासाची सवय, बक्षिसाची वेळ आणि सोलापूरचे आजी-आजोबा

मूळच्या सोलापूरच्या आणि सध्या जर्मनीत स्थायिक असलेल्या एका आईने असे विचारले आहे की, तिसरीत शिकणारा त्यांचा मुलगा गृहपाठाला बसण्यापूर्वी रोज तासभर आढेवेढे घेतो, शेवटी घरात आरडाओरड होते आणि सोलापूरच्या आजोबांनी वर्षाअखेरीस चांगले गुण मिळवल्यास गेमिंग कन्सोल देण्याचे कबूल करूनही काही फरक पडलेला नाही. अशा वेळी वर्तनवादी मानसशास्त्रातील अभिसंधानाचा, म्हणजे खुणा आणि परिणाम यांच्या आधारे वर्तन घडवण्याच्या पद्धतीचा, उपयोग होईल का, आणि बक्षीस देऊन अभ्यास करून घेणे म्हणजे मुलाला लाच देणे ठरेल का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

उपयोग निश्चित होईल; मात्र त्यासाठी घरातील बक्षिसाची सध्याची मांडणी बदलावी लागेल. एखाद्या कृतीनंतर लगेच समाधानकारक परिणाम मिळाला तर ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मांजरांवरील प्रयोगांतून मांडले आणि मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी पुढे त्यावर साधक अभिसंधानाची, म्हणजे कृतीच्या परिणामांतून वर्तन घडते या विचाराची, सविस्तर मांडणी केली. या विचारात ‘लगेच’ या अटीला फार महत्त्व आहे. १९५३ मध्ये स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले, तेव्हा सोडवलेले उदाहरण बरोबर की चूक हे मुलांना बराच वेळ कळतच नाही, ही गोष्ट त्यांना खटकली आणि त्यातूनच त्यांनी प्रत्येक उत्तराचा निकाल तत्काळ दाखवणारे शिक्षणयंत्र तयार केले. आता आजोबांच्या कन्सोलचा विचार करावा. आज पाच वाजता दप्तर उघडणे आणि कित्येक महिन्यांनी मिळणारी वस्तू यांचा संबंध आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात जुळत नाही. शिवाय ते बक्षीस गुणांसाठी आहे आणि गुण पूर्णपणे त्याच्या हातात नाहीत. त्याच्या हातात फक्त आजची कृती आहे, म्हणून प्रबलन, म्हणजे कृतीला बळ देणारे फळ, त्या कृतीला मिळाले पाहिजे.

यासाठी एकच कृती निवडावी आणि ती इतकी लहान ठेवावी की पहिल्या दिवशीच साधेल. शेंगाचटणी लावलेली पोळी खाऊन झाली की ताटली उचलायची, त्याच टेबलावर वही उघडायची आणि दहा मिनिटे काम करायचे, एवढे पहिल्या आठवड्यासाठी पुरेसे आहे. घड्याळातील वेळेपेक्षा रोज हमखास घडणारी एखादी गोष्ट खूण म्हणून अधिक उपयोगी पडते, कारण पुढे ती खूणच मुलाला अभ्यासाकडे वळवू लागते. दहा मिनिटे झाल्याबरोबर कॅलेंडरवर खूण करावी आणि त्याने नेमके काय केले ते शब्दांत सांगावे. ते स्थिरावले की पंधरा मिनिटे करावीत, नंतर पूर्ण गृहपाठ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी प्रौढ व्यक्तींवर केलेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले, पण व्यक्तिगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. तेव्हा पंधरवड्यात निकाल मागू नये.

आता आरडाओरडीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण अभिसंधान घरात आधीपासूनच चालू आहे. फक्त ते चुकीच्या दिशेने चालू आहे. मुलगा कुरकुर करतो, कंटाळून आपण ‘बरं, अर्ध्या तासाने बस’ म्हणता, आणि त्याच क्षणी कुरकुरीने त्याला सवलत मिळवून दिलेली असते. त्याची कुरकुर थांबल्यामुळे आपल्यालाही सुटल्यासारखे वाटते, म्हणजे माघार घेण्याची आपली सवयही पक्की होते. कधी कठोर राहायचे आणि कधी सोडून द्यायचे, असे झाले तर कुरकुर अधिकच चिवट होते, कारण अधूनमधून फळ देणारे वर्तन सर्वांत उशिरा विझते. आपण ठाम राहू लागाल तेव्हा सुरुवातीचे काही दिवस विरोध वाढण्याची शक्यता आहे. त्या दिवसांत हार मानली तर मुलगा फक्त एवढेच शिकेल की अधिक मोठ्याने रडावे लागते. मात्र मारणे किंवा अपमान करणे हा मार्ग येथे नाही. शिक्षेने वर्तन तेवढ्यापुरते दबते, काय करावे हे त्यातून शिकता येत नाही, असे स्किनर यांचेही मत होते. आणि जर्मनीत २००० पासून हिंसामुक्त संगोपन हा मुलांचा कायदेशीर हक्क आहे, हे तेथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी पालकाने लक्षात ठेवावे.

लाचेच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. रडणे थांबावे म्हणून हातात दिलेला टॅब्लेट ही लाच होय. आधी ठरवलेली कृती पूर्ण झाल्यावर मिळणारी आवडती गोष्ट हे प्रबलन होय. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये असे मांडले की, मूल जे आपणहून वारंवार करते, ते कमी आवडीच्या कामानंतर ठेवले तर त्या कामाला बळ मिळते. परवचा म्हटल्याशिवाय पान वाढायचे नाही, ही आपल्या जुन्या घरांतील शिस्त याच क्रमाची होती.

एक धोका मात्र गंभीरपणे घ्यावा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना आधी सांगून बक्षीस दिले, तेव्हा नंतर ती मुले चित्रांकडे पूर्वीपेक्षा कमी वळू लागली. म्हणून मुलगा जे आनंदाने करतो त्याला बक्षीस लावू नये, आणि माझ्या मते मराठीला तर कधीच नाही. ‘मराठीचे एक पान लिही, मग टॅब्लेट’ असे म्हटले की मराठी ही टॅब्लेटसाठी भरायची किंमत होते. सोलापुरात पूर्व भागातील विणकरांच्या घरांत मुले तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या अनेक घरांत कन्नड बोलतात आणि बाहेर सहज मराठीत व्यवहार करतात, कारण प्रत्येक भाषेत त्यांना माणसे उत्तर देतात. जर्मनीतील मुलालाही मराठीचे फळ असेच मिळायला हवे, आणि ते देणारी माणसे सोलापुरात आहेत.

जर्मनीत सायंकाळचे पाच वाजतात तेव्हा सोलापुरात उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. आजी-आजोबा जागे असतात. गृहपाठ संपला की त्यांना व्हिडिओ कॉल, हा क्रम ठेवून पाहावा. मात्र गृहपाठ राहिला म्हणून आजीशी बोलणे तोडू नये, त्या दिवशी ते थोडे उशिरा व्हावे. आजोबांनी ‘किती मार्क मिळाले’ असे विचारण्याऐवजी वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगावी. तसेही जर्मन शाळेत १ हा सर्वोत्तम आणि ६ हा सर्वांत खालचा गुणांक असल्याने आकड्यांवरून गैरसमजच होतात. ‘माझा नातू हुशारच आहे’ या कौतुकाबाबतही विनंती आहे. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या संशोधनात, हुशारीसाठी वाखाणलेली पाचवीतील मुले अपयशानंतर लवकर नाउमेद झाली, तर प्रयत्नांसाठी वाखाणलेली अधिक टिकून राहिली. कन्सोलचा दिलेला शब्द आजोबांनी मोडू नये. गुणांची अट काढून ते वाढदिवसाची भेट म्हणून द्यावे.

सवय स्थिरावू लागली की कॅलेंडरवरील खुणा रोजऐवजी दोन-तीन दिवसांनी कराव्यात आणि हळूहळू बंद कराव्यात. तोंडी कौतुक मात्र चालू ठेवावे.

जर्मनीतील बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या शाळांची वाट वेगळी होते, त्यामुळे तिसरीतच पालकांवर ताण येतो, हे समजण्यासारखे आहे. तरीही मुलगा बसायला तयार होऊनही एकाच प्रकारच्या कामावर रोज अडत असेल, तर तेथे बक्षिसाचा उपयोग नाही. त्याची दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे, वाचनातील विशिष्ट अडचण आहे का हे पाहावे, आणि कोणत्या विषयात, कोणत्या ओळीवर तो थांबतो याची आठवडाभराची नोंद करून ती वर्गशिक्षिकेच्या भेटीला सोबत न्यावी.